प्रॅक्टिकलच्या आधी व्हिडिओ : काय दाखवावं आणि कुठे थांबावं?

जास्वंद_७

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एफ.वाय.च्या वीस-वीस मुलांच्या चार बॅचेस माझ्याकडे आहेत. दरवर्षीचं रडगाणं तेच. प्रॅक्टिकलची पहिली चाळीस मिनिटं फळ्यापाशी जातात. ब्युरेट (खाली नळ असलेली मापाची उभी काचनळी) कसा लावायचा, पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) कसा भरायचा, समीकरण, तक्ता. मुलं मान खाली घालून उतरवून घेतात, आणि टेबलापाशी गेली की पहिला प्रश्न असतो, "मॅडम, यात काय भरायचं?"

म्हणून जुलैपासून मी फोनवर छोटे व्हिडिओ काढायला लागले. आमचीच लॅब, आमचीच काचसामग्री, मराठीतून. आदल्या दिवशी बॅचच्या ग्रुपवर टाकते. आजवर नऊ झाले. फरक दिसतो. बघून आलेली मुलं थेट स्टँडपाशी जातात, पिपेट धरताना हात थरथरत नाही, आणि मला टेबलाटेबलांवर फिरायला वेळ मिळतो.

पण गेल्या आठवड्यात वेगळंच घडलं. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन होतं. म्हणजे ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडायचं, फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती मिली लागलं ते वाचायचं. अख्ख्या बॅचची रीडिंग अर्धा मिलीने जास्त आली. दरवर्षी कोणाचं कमी येतं, कोणाचं जास्त. यंदा सगळ्यांची चूक एकाच दिशेला. फ्लास्क बघितले तर गर्द गुलाबी, जवळजवळ जांभळे. एका मुलीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, व्हिडिओत असाच रंग होता." रात्री घरी व्हिडिओ पुन्हा लावला. खरंच तसाच होता. मी शूटिंगच्या वेळी एक थेंबही जादा टाकलेला नव्हता, हे मला पक्कं आठवतंय.

दुसरी गोष्ट. व्हिडिओत माझं रीडिंग ९.८ दिसत होतं. तीन जर्नलांत ९.८ सापडलं. त्या दिवशीचं द्रावण वेगळं होतं, ९.८ येणं शक्यच नव्हतं.

तुम्ही असे व्हिडिओ वापरता का? पूर्ण प्रयोग दाखवता की मध्येच थांबता?

निवृत्त_प्रिझम

३४ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्या अधिकाराने स्पष्ट लिहितो. मला हे पटत नाही. प्रयोगशाळा ही चाचपडण्याची जागा आहे. मुलगा पहिल्यांदा स्पेक्ट्रोमीटरपाशी (प्रिझममधून आलेला प्रकाश दुर्बिणीतून बघायचं उपकरण) बसतो, पंधरा मिनिटं त्याला काहीच दिसत नाही, आणि मग अचानक ती पिवळी रेघ दिसते. तो क्षण त्याचा स्वतःचा असतो. आधीच दाखवलंत तर तो क्षण तुम्ही काढून घेतलात. तुमच्या तीन जर्नलांतलं ९.८ हे त्याचंच फळ आहे.

टीवाय_केम

सर, आदरपूर्वक सांगतो. मी त्या पंधरा मिनिटांतला मुलगा आहे. मला ती रेघ शेवटपर्यंत दिसली नाही. स्पेक्ट्रोमीटर एक आणि आम्ही चौघे. पार्टनरने रीडिंग घेतली, मी लिहून घेतली, जर्नल सही झालं. काय दिसायला हवं होतं हे आधी माहीत असतं तर निदान विचारता तरी आलं असतं.

पेशी_आणि_पालवी

टीवाय_केम, +१.

मी वनस्पतिशास्त्राची. आमच्याकडे कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड असते, पेशीविभाजन बघायला. फळ्यावर कितीही सांगा, मुलं कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) वरून सपाट टाकतात आणि आत बुडबुडे. मग अंगठ्याने दाबताना कव्हरस्लिप सरकवतात आणि पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात. मी फक्त ४० सेकंदांची क्लिप काढली. कव्हरस्लिपची एक कड तिरकी टेकवायची, सुईने हळूहळू खाली आणायची, वर फिल्टर पेपर, आणि अंगठा सरळ खाली. आवाज नाही, नुसते हात. मुलांनी ती सहा-सहा वेळा बघितली. त्या वर्षी पहिल्यांदा निम्म्याहून जास्त मुलांना मेटाफेज (पेशीविभाजनातला एक टप्पा) स्वतःच्या स्लाइडमध्ये सापडला.

बाकी काहीच दाखवलं नव्हतं. मेटाफेज कसा दिसतो तेही नाही.

दूरदेशी

मी अमेरिकेत पीएचडी करतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या लॅबला टीए (टीचिंग असिस्टंट) असतो. इकडे आधी व्हिडिओ, मग ऑनलाइन प्री-लॅब क्विझ, ती दिल्याशिवाय प्रवेश नाही. शिस्त छान आहे, पण क्विझ लवकरच उपचार होऊन बसते. उत्तरं एकमेकांत फिरतात.

मी माझ्या सेक्शनपुरता एक बदल केला. क्विझच्या जोडीला एकच वाक्य लिहून आणायचं : "व्हिडिओ बघताना मला ही गोष्ट कळली नाही." नुसतं "सगळं कळलं" चालणार नाही. पहिल्या दिवशी कुरकुर झाली. नंतर त्या चिठ्ठ्यांवरूनच मी माझं पाच मिनिटांचं बोलणं ठरवायला लागलो.

मांडवीकाठ

गोव्यातून. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळं इंग्रजी, त्यामुळे भाषेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये ब्युरेट 'रिन्स' करा असं होतं. मी त्याचा अर्थ 'धुवा' असा घेतला. नळाखाली छान धुतला, डिस्टिल्ड वॉटरने धुतला आणि द्रावण भरलं. आत राहिलेल्या पाण्याने ते पातळ झालं. आमच्या लॅब असिस्टंट मावशी शेजारून म्हणाल्या, "बाय, जे भरायचं त्यानेच खंगाळून घे आधी." एका शब्दात उजेड पडला! ताक घालायच्या आधी आई तांब्या ताकानेच खंगाळायची, तसं. आणि लगेच पुढचं सांगितलं, की कॉनिकल फ्लास्क मात्र द्रावणाने खंगाळायचा नाही, तिथे फक्त डिस्टिल्ड वॉटर. कारण तिथे आपण मोजून १० मिली टाकणार, आधीचा थेंब राहिला तर माप बिघडेल.

जास्वंद_७, तुमचे व्हिडिओ मराठीत आहेत यातच अर्धी लढाई जिंकली आहे. संज्ञा इंग्रजी राहू द्या, परीक्षेत त्याच लागतात. हातांच्या क्रिया मात्र घरच्या भाषेत सांगा.

फोकस_काका

जास्वंदताई, रंगाचं कोडं मी सोडवतो. मी लग्नाची फोटोग्राफी करतो, रसायनातलं काही कळत नाही, पण फोनचा कॅमेरा कळतो.

तुम्ही फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवली असणार. बरोबर? फ्रेममध्ये पांढरं जास्त आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळं चित्र काळवंडून टाकतो. पांढरी टाइल राखाडी होते आणि फिका गुलाबी गडद होतो. वर आजकालचे फोन रंग आपणहून खुलवतात, फोटो उठावदार दिसावा म्हणून. त्यानंतर मुलं अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस कमी करून बघतात. तीन ठिकाणी रंग बदलतो आणि मुलं बिचारी तो जुळवत बसतात. नवरीचा शालू अबोली असतो आणि अल्बममध्ये राणी कलर येतो, तोच प्रकार.

उपाय. फ्लास्कवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवा, टाइल पांढरी दिसेपर्यंत. खिडकीच्या उजेडात काढा, ट्यूबलाइट नको.

जास्वंद_७

फोकस_काका, टाइलच होती! मी आठ दिवस द्रावणांना दोष देत होते. मनापासून आभार.

सांजपाखरू

रंग लॉक केला तरी एक प्रश्न राहतोच. रंग 'जुळवणं' हीच मुळात चुकीची सवय नाही का? एंड पॉइंट, म्हणजे टायट्रेशन थांबवायचा क्षण, ही विशिष्ट छटा नव्हे. एका थेंबाने झालेला बदल, जो ढवळल्यावरही टिकतो. फिका गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की झालं. हे मुलांना चित्रातून कळणार नाही, फरकातून कळेल. तीन फ्लास्क शेजारी ठेवून दाखवा. एक थेंब आधीचा रंगहीन, बरोबर एंड पॉइंटचा, आणि पाच थेंब जास्त झालेला. तुलना समोर असली की स्क्रीन कितीही खोटं बोलली तरी चालतं.

अवांतर : लाल-हिरव्या रंगांची गल्लत होणारा एखादा मुलगा प्रत्येक एक-दोन वर्षांत भेटतोच. तो कधी सांगत नाही. शेजारच्याकडे बघून थांबतो. व्हिडिओच्या शेवटी "रंग ओळखायला अडचण असेल तर मला एकट्याला येऊन सांगा" एवढं म्हणा. माझ्या एका विद्यार्थ्याने असं ऐकूनच दुसऱ्या वर्षी सांगितलं. त्याला मग पोटेन्शिओमीटरवर टायट्रेशन करायला दिलं, तिथे रंगाऐवजी विद्युतदाब बघायचा असतो.

ब्युरेटस्टँड

मी ३१ वर्षं लॅब असिस्टंट होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. मास्तर लोकांच्या चर्चेत बोलायला थोडा संकोच वाटतो, पण मुलं कुठे चुकतात हे आम्ही रोज बघायचो.

पहिलं, फनेल. ब्युरेट भरल्यावर फनेल वरच राहतं. टायट्रेशन चालू असताना त्यातून दोन-तीन थेंब टपकतात आणि रीडिंग कमी येतं. दुसरं, खाली नळीच्या टोकात हवेचा बुडबुडा. सुरुवातीला शून्यावर लावतात, मध्येच बुडबुडा निघून जातो आणि तेवढं द्रावण हिशेबात जास्त धरलं जातं. तिसरं, पिपेटमधला शेवटचा थेंब. तो फुंकून काढायचा नसतो, नुसतं टोक काचेला टेकवायचं. चौथं, नळीत द्रावणाचा पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट दिसतो. परमँगनेट काळंभोर असतं, खालची वाटी दिसत नाही, म्हणून वरच्या कडेचं रीडिंग घ्यायचं. बाकी द्रावणांना मात्र खालच्या वाटीचं.

आणि ऑक्झॅलिकचा फ्लास्क गरम हवा. साठ-सत्तर डिग्री. गार असला की पहिल्या थेंबाचा रंग जातच नाही, आणि मुलं ओरडतात, "मामा, झालं!" थोडं थांबा म्हटलं की आपोआप रंग जातो. पुढचे थेंब मग पटापट विरतात.

व्हिडिओ काढणार असाल तर या चुका करून दाखवा. बरोबर करणारे हात सगळेच दाखवतात. चूक झाली की काय होतं ते कोणी दाखवत नाही.

पेशी_आणि_पालवी

ब्युरेटस्टँड मामा, संकोच कसला! ही या धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट आहे.

अंशुमाला

मी विज्ञानशिक्षणावर संशोधन करते. मामांचं म्हणणं आणि धाग्याचा मूळ प्रश्न, दोन्हींना जोडणारं एक काम आठवलं. ग्लासगो विद्यापीठातले अलेक्स जॉनस्टन १९८० च्या दशकात लॅबमधल्या मुलांकडे बघत होते. त्यांना दिसलं की मुलगा टेबलापाशी उभा असतो तेव्हा त्याच्यावर एकाच वेळी खूप काही कोसळतं. तोंडी सूचना, छापील सूचना, नवी उपकरणं, नवी नावं, मागच्या तासाचा सिद्धांत, घड्याळ. डोक्यात एका वेळी मावणारी जागा थोडीच असते. ती भरली की मुलगा विचार करणं सोडतो आणि पाककृतीसारखा एकेक ओळ करत सुटतो. त्यांचा आग्रह तयारीवर होता. ज्याचा भार आधी उतरवता येईल तो उतरवा, म्हणजे टेबलापाशी विचाराला जागा उरेल.

म्हणून माझ्या मते नावं, उपकरणं, हातांच्या हालचाली हे व्हिडिओत असावं. निरीक्षण, रीडिंग, निष्कर्ष नसावेत.

लांबीबद्दल : एडेक्सवरच्या ऑनलाइन कोर्सेसचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात ६ मिनिटांच्या आतले व्हिडिओ मुलं सर्वांत टिकून बघतात असं दिसलं. ते लॅबचे व्हिडिओ नव्हते, पण अंदाजाला ठीक आहे.

कोरडा_सेल

थोडा विरोधी सूर. आमची बॅच २०२०-२१ ची. दोन वर्षं आम्ही प्रॅक्टिकल म्हणून फक्त व्हिडिओ आणि व्हर्च्युअल लॅब केल्या. सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पावर आयआयटींनी आणि इतर संस्थांनी केलेले प्रयोग आहेत, चांगलेही आहेत. माउसने ब्युरेटचा नळ उघडायचा, थेंब पडतात, रीडिंग येतं. मी सगळ्यात पूर्ण मार्क मिळवले.

टी.वाय.ला लॅब उघडली. मी पिपेट हातात घेतला आणि बोट काढलं, तर सगळं द्रावण बाकावर. बोटाच्या दाबाने थेंबाथेंबाने सोडायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण स्क्रीनवर बोटच नव्हतं. २१ व्या वर्षी मी लॅबमध्ये रडले. त्यामुळे "व्हिडिओ आहे ना" हे वाक्य कानावर पडलं की पोटात गोळा येतो. उद्या एखादं कॉलेज म्हणेल, व्हिडिओ आहेत, मग रसायनांवर खर्च कशाला?

जास्वंद_७

कोरडा_सेल, तुझं लिहिणं वाचून खूप वेळ गप्प बसले. तुझी भीती रास्त आहे. आमच्याकडेही "मग प्रॅक्टिकलचे तास कमी करूया का" असं विचारून झालंय. मी ठामपणे नाही म्हटलं. व्हिडिओने वाचलेली चाळीस मिनिटं मुलांच्या हातांना मिळाली पाहिजेत, दुसऱ्या कोणालाही नाही.

सह्याद्रीची_हाक

नेटवर्कचं कोणी बोललंच नाही. माझे विद्यार्थी पाड्यांवरून येतात. तिथे रेंज टेकडीवर मिळते. ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ एसटी स्टँडवर उतरल्यावर डाउनलोड होतो, तोवर प्रॅक्टिकल सुरू! मी आता आदल्या दिवशी कॉलेज सुटताना ब्लूटूथने देतो. दोन मुलं घेतात, ती बाकीच्यांना देतात. त्यासाठी फाइल लहान लागते, म्हणून चार मिनिटांच्या वर काढतच नाही. आणि घरात फोन एकच असतो, वडिलांबरोबर शेतावर गेलेला. म्हणून लॅबच्या दाराशी एक जुना टॅबलेट लावून ठेवलाय. आत येताना बघून या.

टीवाय_केम

अजून एक. मॅडम कॅमेऱ्यासमोर उभं राहून दाखवतात तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. ब्युरेटचा नळ डाव्या हाताने फिरवायचा आणि उजव्याने फ्लास्क ढवळायचा, हे मी समोरून बघून नेमकं उलटं शिकलो. खांद्यावरून काढा, जिथून आपल्याला आपले हात दिसतात तिथून.

निवृत्त_प्रिझम

सगळं वाचलं. ब्युरेटस्टँड यांनी सांगितलेल्या 'चुका करून दाखवा' या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्याकडे न्यूटनच्या वलयांच्या प्रयोगात (भिंग आणि काच यांमध्ये दिसणारी प्रकाशाची वर्तुळं मोजायची असतात) मुलं मायक्रोस्कोपचा स्क्रू पुढे-मागे फिरवतात आणि आट्यांमधल्या ढिलाईमुळे रीडिंग घसरतं. एकाच दिशेने फिरवायचं असतं. हे तोंडी सांगून कधी पोहोचलं नाही.

पण मूळ आक्षेप कायम. प्रिझममधली रेघ मुलाने स्वतः शोधावी.

अंशुमाला

सर, एक विनंतीवजा प्रश्न. किमान विचलनाच्या वेळी (प्रकाश प्रिझममधून कमीत कमी वळतो ती स्थिती) प्रिझम फिरवताना रेघ एका बाजूला सरकत जाते, थबकते आणि मागे फिरते. ते मागे फिरणं नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) एका वेळी एकालाच दिसतं. तुम्ही मुलाला "आता थांबली का?" असं विचारता, तो "हो सर" म्हणतो, आणि त्याला काय दिसतंय हे तुम्हाला कळत नाही. नेत्रिकेतून काढलेली वीस सेकंदांची क्लिप असती तर दोघांकडे एकच चित्र असतं. रेघ शोधणं त्याचंच राहील. 'थबकणं' म्हणजे काय एवढंच तो बघून येईल.

जास्वंद_७

आठवडा झाला, म्हणून कळवायला आले.

व्हिडिओ नव्याने काढला. माझ्या एका विद्यार्थिनीने फोन माझ्या खांद्यामागे धरला. खंगाळणं, बुडबुडा घालवणं, फनेल काढणं, वरच्या कडेचं रीडिंग, गार फ्लास्कची फसगत. मामांच्या सगळ्या चुका मी करून दाखवल्या. ब्युरेटच्या आकड्यांवर कागदाची पट्टी चिकटवली, म्हणजे माझं रीडिंग दिसणारच नाही. एंड पॉइंटच्या आधी थांबले आणि शेवटी खिडकीपाशी तीन फ्लास्क शेजारी ठेवले, उजेड लॉक करून. पाच मिनिटं दहा सेकंद. शेवटी प्रश्न विचारला : "फ्लास्कमध्ये आपण घालतो त्या सल्फ्युरिक आम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर रीडिंग कमी येईल की जास्त, आणि का?"

कालच्या बॅचमध्ये रीडिंग विखुरलेली आली, काही थोडी कमी, काही थोडी जास्त, जशी यायला हवीत तशी. दोन मुलींचा फ्लास्क तपकिरी गढूळ झाला. आम्ल घालायला विसरल्या होत्या. पूर्वी मी लांबूनच "ओता आणि परत करा" म्हटलं असतं. या वेळी वेळ होता. स्टूल ओढून बसले, तो तपकिरी गाळ मँगनीज डायऑक्साइडचा कसा, इथपर्यंत त्याच दोघी पोहोचल्या. हायड्रोक्लोरिकच्या प्रश्नावर मागच्या बाकावर भांडण जुंपलं होतं. एक मुलगा म्हणत होता की परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होईल, म्हणून जास्त येईल. वर्षभरात तो पहिल्यांदा बोलला.

चौघांनी व्हिडिओ बघितला नव्हता. त्यांना दारापाशी माझ्या फोनवर दाखवला. सह्याद्रीची_हाक, तुमचा जुना टॅबलेट आता आम्हीही शोधतोय.

निवृत्त_प्रिझम

जास्वंद_७, तुमचं ते स्टूल ओढून बसणं आवडलं.

मी शनिवारी जुन्या कॉलेजात जाणार आहे. हेड माझेच विद्यार्थी, ते सोडियमचा दिवा दहा मिनिटं आधी लावून ठेवतो म्हणाले. नेत्रिकेतून क्लिप काढून बघतो. पण नुसता फोन टेकवला की चित्र हलतं आणि कडेला काळं येतं. फोकस_काका, याला काही उपाय?

फोकस_काका

सर, आधी स्वतःच्या डोळ्याने फोकस पक्का करा, मग फोन. कागदी कपाच्या बुडाला नेत्रिका घट्ट बसेल एवढं भोक पाडा, कप नेत्रिकेवर चढवा आणि फोनची लेन्स कपाच्या तोंडाशी मधोमध टेकवा. काळी कड दिसली तर लेन्स भोकापासून लांब आहे, कप कापून आखूड करत जा. खोलीत अंधार करा आणि रेघेवर बोट दाबून उजेड लॉक करा, नाहीतर पिवळी रेघ पांढरी होऊन जाईल. कप दोन-तीन जास्तीचे न्या, पहिल्याचं भोक मोठं होतंच.

निवृत्त_प्रिझम

चार नेतो.